शेऱ्याचा रकाना

सिमला ऑफिसात एकतीस वर्षं मी देश वाचला.
बाहेर लोकांना वाटायचं, तिथे पाऊस ठरवतात.
स्टँडवरचे रिक्षावाले विचारायचे, मॅडम, ताडपत्री लावू का?
मी सांगायचे, माझ्याकडे फक्त पडून गेलेला असतो.

फलोदी, चेरापुंजी, मिनिकॉय:
वह्या पोस्टाने यायच्या, कापडी पिशवीत, लाखेसकट.
एखादीला सुक्या मासळीचा वास, एखादीच्या शिवणीत वाळू.
वाळू झटकून मी आकडे तपासायचे.
कमाल, किमान, साडेआठचा पाऊस.
स्वतः मात्र सोलापूरच्या पुढे गेले नाही,
तेही चुलतनणंदेच्या लग्नाला, आणि रात्रीची गाडी.

आता श्रीरंग म्हणतो, चल, देश बघून येऊ.

लक्ष्मी रोडच्या सहल कंपनीत कोकम सरबत दिलं.
काका, अठरा दिवस, अकरा राज्यं,
आणि आचारी आपलाच बरोबर!
गुवाहाटीत अळूचं फदफदं, चतुर्थीला साबुदाणा.
श्रीरंगचे डोळे चमकले.
मी म्हटलं, मग घरीच राहू, स्वस्त पडेल.

तेव्हापासून जेवायच्या टेबलावर नकाशा.
एका कोपऱ्यावर मेतकुटाची बरणी, एकावर बीपीच्या गोळ्या,
एकावर चष्म्याचं घर,
आणि ईशान्येवर सासऱ्यांचा अडकित्ता.
श्रीरंग वेळापत्रक मांडून पेन्सिलीला टोक काढतो.
पेन्सिल संपत आली, गाडी अजून दौंडलाच उभी.
खालचा बर्थ, गुडघे, कढीपत्त्याला पाणी कोण घालणार.
स्वेटर किती घ्यायचे?
मी घडाघडा म्हणते, नोव्हेंबर, पासीघाट, किमान साडेपंधरा.
म्हणजे किती थंडी?
आणि मला सांगता येईना.
साडेपंधरा मी हजार वेळा लिहिलेत,
अंगावर कधी घेतले नाहीत.

पासीघाटच का, ते त्याला अजून नीट सांगितलेलं नाही.

तिथल्या वहीतला सात पोटात आडवा कापलेला असायचा.
सही, ओ. तायेंग.
एका जुलैत पावसाच्या जागी नुसती रेघ,
आणि शेऱ्याच्या रकान्यात घाईची इंग्रजी ओळ:
मिथुनाने पर्जन्यमापक पाडला.
मी लाल शाईत विचारलं,
खुलासा व्हावा. मिथुन ही व्यक्ती कोण?
उत्तर यायला दसरा उजाडला.
'व्यक्ती नव्हे. गुरासारखं जनावर, पण आपल्या मर्जीचं.
शेजाऱ्याचं आहे. शेजाऱ्याने माफी मागितली आहे.
पाऊस पुष्कळ होता.
किती, ते खोटं लिहिणार नाही.'

मोहिनी डोंगरे डबा खाता खाता हसत सुटली.
मी नियमाप्रमाणे रेघ कायम केली.
पुढे कधीतरी सातावरची आडवी रेघ दिसेनाशी झाली,
सही बदलली,
मग वह्याच बंद. आकडे आपोआप येऊ लागले,
वाळू नाही, वास नाही, शेरा नाही.

जुन्या पत्त्यावर पत्र टाकलंय. महिना झाला.

काल भाचा आला, परवान्याचा अर्ज भरायला.
श्रीरंग तडकला, आपल्याच देशात परवाना?
मी म्हटलं, अरे, आपल्या सोसायटीच्या गेटवर
कुरियरवाल्या पोराकडून
नाव, नंबर, वेळ, सही, सगळं लिहून घेता की तुम्ही.
तो पेपर उघडून बसला.

आत्या, प्रवासाचं कारण?
पर्यटन, व्यापार, नातेवाईक. एकच निवडता येतं.

मी म्हटलं, खाली बघ जरा,
शेऱ्याचा रकाना असेल.

तो बोटाने पडदा सरकवत खाली खाली जात राहिला.
पंखा चालू होता.
मी नकाशावरचा अडकित्ता उचलला,
कोपरा कितीसा फडफडतो ते बघायला.